वेग दोन, येऊर एक

जोडीने धावताना पहिली चूक ठरलेली: हळू धावणारा दुसऱ्याचा वेग धरायला जातो आणि तिसऱ्या किलोमीटरलाच धापा टाकतो. ठाण्यातल्या उपवन तलावापासून येऊरच्या डोंगराचा चढ घ्या. वेगवान जोडीदाराने पुढे जावं, पण दर 5 मिनिटांनी मागे वळून दुसऱ्याला गाठावं. वेगवानाचं अंतर वाढतं, वेळ दोघांचा सारखाच. उतारावर पावलं छोटी टाका, नाहीतर गुडघे बोलतात.

ठाण्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही. तासाभराहून जास्त धावायचं तर अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, लिंबू. स्पर्धेला नवे बूट नकोत (मोह होतोच!). तिथे आपापल्या वेगाने धावा. भेटायची जागा मात्र आधीच ठरवा.