आमची वाटचाल : पौर्णिमेची तारीख आणि बाकीचं कच्छ

कच्छच्या सहली सुरू केल्या तेव्हा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पौर्णिमेची तारीख मिळेल ना?" आजही तोच असतो. 2005 पासून पांढऱ्या रणाच्या, म्हणजे मिठाच्या वाळवंटाच्या, काठी धोरडो गावाला रणोत्सव भरू लागला, जाहिराती घरोघरी पोचल्या आणि कच्छ म्हणजे चांदण्यातलं मीठ, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. पौर्णिमेला तंबूंचे दर चढतात, गर्दी उसळते. आम्ही सरळ सांगतो, दोन दिवस मागेपुढे या, चंद्र काही कमी पडत नाही.

आमच्या हंगामाचं गणित पावसावर असतं. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्यांबरोबर समुद्राचं पाणी रणात शिरतं, पावसाचं त्यात मिसळतं आणि ते आटत आटत मीठ वर येतं. पाऊस लांबला तर नोव्हेंबरात पांढऱ्या रणाऐवजी पाणी आणि चिखलच बघावा लागतो. बुकिंग घेतानाच हे सांगतो. काही जण मग दुसऱ्या कंपनीकडे जातात, जाऊ द्यात.

रण बघायला एक संध्याकाळ पुरते, फार तर दुसऱ्या दिवशीची पहाट. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, यातूनच आमची खरी सहल तयार झाली. आधी रोगण कलेचं गाव निरोणा घेतलं. एरंडेल उकळून घट्ट केलेला रोगणाचा रंग कारागीर धातूच्या काडीने कापडावर नुसता सोडतो, मग कापड दुमडून दाबतो, की दुसऱ्या अर्ध्यावर तीच नक्षी उमटते. पाहुणे तासभर हलत नाहीत. मग भुजोडीचे विणकर आले, अजरखपूरचे कापडावर छपाई करायचे ठसे आले. खरेदीवर आम्ही कमिशन घेत नाही. ते आमच्या ड्रायव्हरांना पटायला वेळ लागला, कारण या लाइनीत कमिशन हाच अर्धा पगार समजतात. शेवटी त्यांचे पगार वाढवले.

सगळ्यात मोठा फरक पडला धोलावीरामुळे, म्हणजे खडीर बेटावरच्या हडप्पाकालीन शहराच्या अवशेषांमुळे. पूर्वी भचाऊ-रापरमार्गे एवढा वळसा पडायचा की लोक नको म्हणायचे. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि खावड्याकडून रणातूनच खडीर बेटावर जाणारा रस्ताही झाला. दोन्ही बाजूंना मीठ आणि मधून डांबरी पट्टा. आता त्या रस्त्यासाठीच फोन येतात! पण माझं मन अडकतं ते तिथल्या जलाशयांत. जिथे पाण्याची एवढी वानवा, तिथे खडक खोदून पावसाळी ओढ्यांचं पाणी साठवायचं म्हणजे चेष्टा नाही. सावली मात्र नावालाही नाही, म्हणून तिथे सकाळीच पोचतो.

लखपतला अजून गिऱ्हाईक कमी. 1819 च्या भूकंपानंतर नदीचं पाणी तुटलं आणि भरभराटीचं बंदर ओस पडलं; तटबंदी तेवढी उभी आहे. "तिथे बघायचं काय?" असं विचारणाऱ्यांना मी आग्रह करत नाही.

परतीच्या वाटेवर हल्ली छोटं रण जोडलंय. घुडखरांसाठी, म्हणजे रानगाढवांसाठी, सकाळची जीप, दुपारी अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, मिठागरावर थांबा. जमिनीखालचं खारं पाणी उपसून ते मीठ कसं पिकवतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. तेवढा वेळ त्यांचं काम थांबतं, म्हणून त्याचे पैसे सहलीच्या दरातच धरलेले असतात आणि बिलात वेगळ्या ओळीत दाखवलेले असतात.