कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं वय: आधी छप्पन्न दिवस मोजा

"दीड महिन्याचं झालंय, स्वतःचं स्वतः खातंय, घेऊन जा." पिल्लू देणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. खायला लागलं म्हणजे आईचं काम संपलं, असा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत पिल्लू पुढे वर्षानुवर्षं मोजतं. पिल्लू ८ ते १० आठवड्यांचं असताना आणावं, त्याआधी नाही. ८ आठवडे म्हणजे जन्मतारखेपासून मोजलेले पुरे ५६ दिवस. "दोन महिन्यांचं होत आलंय" हे उत्तर धरू नका, तारीख विचारा.

पिल्लाचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ऐकू येऊ लागतं, त्याच सुमारास दुधाचे दात डोकावतात. कुत्रा म्हणून जगायचं शिक्षण इथून सुरू होतं. एका पिल्लानं दुसऱ्याचा कान जोरात चावला की ते केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला दूध पिताना दात लागले की ती गुरगुरते, उठून चालू लागते. किती जोरात चावलं तर खेळ टिकतो आणि किती जोरात चावलं तर तो मोडतो, हे पिल्लू अशा शेकडो प्रसंगांतून शिकतं, आणि त्यातले बरेचसे पाचव्या ते आठव्या आठवड्यातले असतात. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेल्या पिल्लाचा हा सराव बुडतो. मग सुईसारख्या दातांनी ते घरातल्यांचे हात-पाय धरतं आणि सगळे म्हणतात, पिल्लू फार चावरं आहे. ते चावरं नसतं, त्याचं शिकणं अर्धवट राहिलेलं असतं.

इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३० ते ४० दिवसांची असताना भावंडांपासून तोडलेली कुत्री आणि दोन महिन्यांची झाल्यावर नेलेली कुत्री यांची तुलना केली होती. लवकर तोडलेल्यांमध्ये अति भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजाला दचकणं, खाण्यावर आणि खेळण्यांवर हक्क गाजवणं या तक्रारी जास्त आढळल्या. मालकांनी दिलेल्या माहितीवर बेतलेला अभ्यास आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

मग आणखी उशिरा आणलं तर अधिक चांगलं का? तसंही नाही. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळू दिला नव्हता. पुढे ती माणसाजवळ यायला तयार होईनात, रानटी जनावरासारखी वागू लागली. म्हणून ८ ते १० आठवड्यांचा काळ मोलाचा: आई-भावंडांकडचं शिक्षण बहुतेक झालेलं असतं आणि माणसांच्या जगाची ओळख करून द्यायला अजून चार-सहा आठवडे हातात असतात.

याच काळात लसीचा पेच येतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती हळूहळू ओसरतात. कुणाची सहाव्या आठवड्यात संपत येतात, कुणाची सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. एकाच वेतातल्या पिल्लांतही हा फरक असतो. ती असेपर्यंत लसीला निष्प्रभ करतात. मधे असा काळ येतो, की रोग अडवायला ती पुरत नाहीत, पण लसीला मात्र आडवी येतात. म्हणून एका डोसवर भागत नाही: ६ ते ८ आठवड्यांना पहिला, मग दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचे, आणि शेवटचा १६ आठवडे किंवा त्यानंतर. "एक डोस झालाय" म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, असा अर्थ कृपया काढू नका. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि रोजच्या वापरातल्या बऱ्याच फरशी-क्लीनरना दाद देत नाही.

पण त्या भीतीनं चार महिने पिल्लाला घरात कोंडणं ही दुसरी चूक, कारण तोवर ओळखीचं दार बंद झालेलं असतं. मार्ग साधा आहे: कडेवर घेऊन बाहेर न्या. रहदारी, लहान मुलं, छत्री, काठी घेतलेला माणूस, सगळं वरून दाखवा. जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे खाली ठेवू नका. ओळखीच्या, सगळ्या लसी झालेल्या शांत कुत्र्याशी घरात भेट जरूर घालून द्या.

सांगितलेलं वय खरं आहे का, हे दातांवरून बरंचसं कळतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात: पुढचे बारीक १२, सुळे ४ आणि दाढा १२. मागच्या दाढा अजून हिरडीतच असतील, तर पिल्लू बहुधा सहा आठवड्यांच्या आतलं आहे. अगदी छोट्या जातींत दात थोडे मागे-पुढे येतात, तेवढी सूट द्यावी. आकारावरून मात्र वय ठरवू नका. कुपोषित पिल्लू लहान दिसतं आणि जंतांनी फुगलेलं पोट गुटगुटीत भासतं. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दिलं होतं का, तेही विचारा. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, त्यामुळे "ते बाहेर गेलेलंच नाही" हा खुलासा पुरेसा नाही.

चिहुआहुआ, यॉर्कीसारख्या चिमुकल्या जाती १० ते १२ आठवड्यांच्या झाल्यावर आणाव्यात. काही तास पोट रिकामं राहिलं तरी त्यांची रक्तातली साखर घसरते, पिल्लू लुळं पडतं, लडखडतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळावा आणि तडक डॉक्टरांकडे जावं.

तीन-चार महिन्यांचं पिल्लू मिळत असेल तर वयापेक्षा ते कुठे वाढलं ते पाहा. घरात, माणसांत वाढलेलं पिल्लू बिनधास्त घ्यावं. पिंजऱ्यात वाढलेलं, हात पुढे करताच कोपऱ्यात सरकणारं पिल्लू घ्यायचं असेल, तर पुढच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीची तयारी ठेवून घ्यावं.

आणताना आधीचंच खाणं आठवडाभराचं मागून घ्या. पहिले दोन-तीन दिवस काहीच बदलू नका, मग पाव भाग नवं, निम्मं, पाऊण असं करत ७ ते १० दिवसांत बदला. एकदम बदललं की जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. १२ आठवड्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खायला द्या. नेण्याच्या काही दिवस आधी एक जुनं फडकं आईजवळ ठेवायला सांगा. पहिल्या रात्री ते पिल्लाच्या खोक्यात घाला आणि खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा; स्वयंपाकघरात दार लावून नको. आयुष्यात पहिल्यांदा ते एकटं झोपतंय. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारण तीनच तास शू धरता येते, तेव्हा रात्री एक-दोनदा उठायची तयारी ठेवा. कुईकुई करत उठलं तर आधी शूला न्या, काही न बोलता परत खोक्यात ठेवा आणि झोप लागेपर्यंत हात त्याच्याजवळ राहू द्या.