इरकलच्या पदराची बांधणी

आजीच्या शिवलीलामृताची बांधणी उसवली, तेव्हा माझ्या डोक्यात युरोपातली बांधणी होती: बकऱ्याचं कातडं आणि त्यावर सोन्याची नक्षी. तापवलेला पितळी ठसा सोन्याच्या वर्खावर दाबून ती नक्षी उठवतात. ही कला पंधराव्या शतकात इस्लामी देशांकडून इटलीत पोचली. वर्ख धरावा म्हणून खाली अंड्याचा पांढरा बलक लावत.

"कातडं आणि अंडं? महादेवाच्या पोथीला?" आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. नव्या पेठेजवळच्या बाइंडरकाकांनी भर घातली, "मालक, चिकटवायचा सरस पण जनावराचाच असतोय."

मग इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आठवली. १५४४ साली, अकरा वर्षांची असताना, तिनं सावत्र आईला स्वतः लिहिलेली वही भेट दिली. तिचं वेष्टन भरतकामाचं आहे, निळ्यावर सोन्या-चांदीची जर, कोपऱ्यांत फुलं. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. राजघराण्यात कापड चालतं, तर सोलापुरात कातड्याचा हट्ट कशाला? आजीच्या इरकलचा लाल पदर ट्रंकेत होताच.

दिवाळीपर्यंत काका व्यापाऱ्यांच्या वह्यांत गुंतलेले. तुळशीचं लग्न झाल्यावर पोथी हातात घेतली. सगळ्यात वेळ गेला तो पानांत. अकरावा अध्याय रोजच्या वाचनातला, त्याची पानं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली आणि घडीवर फाटलेली. प्रत्येक घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, मग जुजबंदी शिलाई, म्हणजे घड्यांचे जुज करून ते एकमेकांना दोऱ्यानं शिवणं. कडा मशीनवर कापू दिल्या नाहीत. समासात आजीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या गेल्या असत्या तर सोन्याची बांधणीही मला नको होती.

पदर थेट पुठ्ठ्यावर चिकटवला तर खळ वर फुटते, रेशमावर डाग पडतो. म्हणून काकांनी आधी त्याला मागून पातळ कागद चढवला, वाळू दिला. खळ मैद्याची, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. नाव मात्र पदर चढवण्याआधीच, ब्लाउजवर आरी वर्क करणाऱ्या शेजारच्या काकूंनी जरीत भरून दिलं. 'शि'ची वेलांटी त्यांनी दोनदा उसवली.

आता पोथी चौरंगावर सपाट उघडते, आईला पान दाबून धरावं लागत नाही. जरीचं काम हवेनं काळवंडतं, त्यासाठी पोथीला पेटी करायची राहिली आहे. काका म्हणालेत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की मापं घेऊ.