जुन्या बोटीचं सागवान: घासण्याआधी जाडी बघा

शिडाच्या जुन्या बोटीवरचं बाहेरचं सागवान उन्हापावसानं जितकं झिजतं, त्याहून जास्त आपल्या साफसफाईनं झिजतं. उन्हानं करडा पडतो तो वरचा पापुद्रा. खालचं लाकूड तेलकट आणि धडधाकट असतं. तो करडेपणा घालवायला कडक ब्रश किंवा प्रेशर वॉशर लावला की कठीण रेषांमधला मऊ भाग उडून जातो आणि पट्टीवर खाचा पडतात. मग त्या सपाट करायला पॉलिश पेपर, आणि पट्टी आणखी पातळ. सागवान परत वाढत नाही, म्हणून सगळ्यात आधी शिल्लक जाडी बघायची. डेकवर स्क्रूंवर बसवलेल्या लाकडी गुट्ट्या सुटायला लागल्या असतील, स्क्रूची डोकी डोकावत असतील, तर सँडिंग मशीन तिथं नेऊच नका.

नेहमीच्या धुण्याला समुद्राचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, फार मळलं असेल तर थोडा सौम्य साबण. ब्रश कायम लाकडाच्या रेषेला आडवा चालवायचा. रेषेच्या दिशेनं चालवला की मऊ भाग खरवडून निघतो. काळे डाग, विशेषतः लोखंडाचे, ऑक्झॅलिक ॲसिडनं जातात. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. हातमोजे आणि चष्मा हवाच. आजूबाजूचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) आणि ॲल्युमिनियम आधी पाण्यानं ओलं करून ठेवायचं, द्रावण ओल्या लाकडावर लावायचं, 10-15 मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवायचं. रेषांत ॲसिड राहिलं तर पुढं व्हार्निश नीट धरत नाही, त्यामुळे धुण्यात कसूर नको. कॉस्टिक (तीव्र अल्कली) आणि ॲसिड अशा दोन बाटल्यांचं क्लीनर रंग झटपट उजळवतं, पण कॉस्टिक लाकडाचा मऊ भागच खातं. क्लोरीनचं ब्लीचही नको.

चालायचा डेक माझ्या मते कोराच ठेवावा. व्हार्निशवर ओला पाय घसरतो, आणि तेल लावलेला डेक मळ धरतो. जवसाचं तेल तर बुरशीला खाद्यच. काही महिन्यांत लाकूड काळं पडतं. तरीही कुठं तेल लावलंच, तर त्या चिंध्या गोळा करून फेकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

हॅण्डरेल, कॉकपिटच्या (सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेच्या) कडा, हॅचच्या (डेकवरच्या झाकणांच्या) चौकटी यांना मात्र व्हार्निश शोभतं आणि टिकतंही. जुना थर काढायला एका हातात हीट गन आणि दुसऱ्या हातात धारदार स्क्रॅपर. थर मऊ झाला की रेषेच्या दिशेनं ओढायचा. स्क्रॅपरची धार कानशीनं वारंवार लावा. बोथट पात्यावर जोर दिला की ते लाकडात रुततं. मग 120 आणि 180 नंबरचा पॉलिश पेपर. 80 नंबर फक्त खोल खाचांपुरता. टोकदार कडा 2-3 मिमी गोल कराव्यात, कारण कडेवर व्हार्निशचा थर पातळ बसतो आणि फुटायला सुरुवात तिथूनच होते.

धूळ पुसल्यावर असिटोनचं स्वच्छ फडकं फिरवा, घडी बदलत, फडक्याला रंग यायचा थांबेपर्यंत. असिटोन उडालं की लगेच पहिला हात द्यायचा, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं. पहिल्या हाताला निम्मं थिनर, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला दहा टक्के, पुढचे जवळपास घट्ट. एकूण सहा ते आठ हात. थर पूर्ण वाळल्यावर 320 नंबरनं हलकं घासून पुसायचं आणि मग पुढचा हात. दव सुकल्यावर सुरुवात करा आणि संध्याकाळचं दव पडायच्या बरंच आधी हात थांबवा. तळपत्या उन्हात वरची साय आधी धरते, आत अडकलेलं थिनर बुडबुडे काढतं.

व्हार्निश उचलतं ते पट्टीच्या मध्यावर नाही. ते सांध्यापाशी, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बुडाशी आणि लाकडाच्या उघड्या टोकांना उचलतं. टोकांशी उघड्या असलेल्या लाकडातल्या बारीक नळ्या पाणी ओढतात, म्हणून तिथं पातळ व्हार्निशचे दोन-तीन हात जास्तीचे. फिटिंग काढून त्यांच्या खालीही व्हार्निश करायचं, मग सीलंट लावून परत बसवायची. ओरखडा दिसला की लाकूड कोरडं करून त्यावर व्हार्निशचा ठिपका ठेवा. नाहीतर आठवड्यानं तिथं काळी रेघ सरकलेली असेल. चमक पूर्ण जायच्या आत देखभालीचा एक हात द्यायचा: कडक उन्हाच्या भागात तीन-चार महिन्यांनी, सौम्य हवामानात सहा महिन्यांनी.

डेकच्या पट्ट्यांमधल्या सांध्यांत भरलेलं रबर एका बाजूनं सुटलंय का, हे धुतल्यावर कळतं. सगळा डेक वाळतो, सांध्यालगत मात्र बारीक ओली रेघ उरते. तिथून पाणी आत जातं, स्क्रूच्या भोकांतून डेकच्या गाभ्यात उतरतं, आणि गाभा बाल्साचा (हलक्या, मऊ लाकडाचा) असेल तर तो कुजतो. अशा सांध्यातलं जुनं रबर पूर्ण काढा, दोन्ही भिंती कोऱ्या लाकडापर्यंत साफ करा. खाच 5-6 मिमी खोल नसेल तर खोल करा. तळाला न चिकटणारी पट्टी टाका, म्हणजे रबर फक्त दोन भिंतींना धरेल. लाकूड फुगतं-आकसतं, तिन्ही बाजूंनी चिकटलेलं रबर ताणू शकत नाही आणि फाटतं. प्राइमर, मग डेकसाठीचं सीलंट, नळीचं टोक तळाशी ठेवून, जरा जास्तच भरायचं आणि पूर्ण वाळल्यावरच कापायचं. बाथरूमचं सिलिकॉन इथं वापरू नका. नंतर त्या जागी काहीच चिकटत नाही.

गुट्टी बदलताना स्क्रू काढून भोक घट्ट केलेल्या इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदानं) भरा, नवीन भोक पाडा, स्क्रू थोडा खोल बसवा. वर गुट्टीला निदान 5 मिमी जागा हवी. गुट्टीची रेषा पट्टीच्या रेषेशी जुळवा. हॅण्डरेलसारख्या जागी गुट्टी व्हार्निशमध्ये बुडवून ठोका, म्हणजे पुढं काढता येते. डेकवर इपॉक्सी चालेल. पटाशीनं एकदम सपाट करू नका. आधी वरून थोडा तुकडा उडवा, रेषा कुठं उतरते ते बघा, आणि मग उतरत्या बाजूकडून चढाच्या दिशेनं तासा. उलट तासलं तर गुट्टी डेकच्या पातळीखाली तुटते आणि तिथं पाणी साचतं.