खोकं मागे उघडलंय

रविवारी रात्री जेवणं आटोपली की मी फोन घेऊन बसते. तोवर ग्रुपवर वीसेक फोटो येऊन पडलेले असतात. रेघांची पानं, खोकी, पेले, खोलीचे कोपरे. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरीच चित्रकलेचा क्लास सुरू केला, त्याचा हा गृहपाठ. आठवीतली एक मुलगी आहे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, बाकीचे अधले-मधले.

सुरुवातीलाच माझी फजिती झाली. काकांच्या खोक्यांना मी सलग तीन आठवडे ‘छान’ लिहीत होते. चौथ्या आठवड्यात ते वही घेऊनच आले, आणि बघते तर प्रत्येक खोकं मागे रुंदावलेलं. लांब जाणाऱ्या कडा जवळ यायच्या सोडून फाकलेल्या. मग फोटोत कसं दिसलं नाही? तर काका खुर्चीत बसल्या बसल्या, टेबलावरच्या वहीचा तिरका फोटो काढायचे. त्यामुळे वहीचं पान वरच्या बाजूला आपोआप निमुळतं व्हायचं आणि त्यांच्या फाकलेल्या रेघाही त्याबरोबर आत ओढल्या जायच्या. यथार्थदर्शन, म्हणजे लांबचं लहान होत गेलेलं दाखवणं, काकांचं नव्हतंच, फोनचं होतं! तेव्हापासून नियम केलाय: फोन पानाच्या बरोब्बर वर, सपाट धरायचा आणि पानाचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत. कोपरे नसले तर मी बघतच नाही.

मुलीचा प्रश्न वेगळा. तिची रेघ केसाळ. एक इंच ओढायची, थांबायची, जरा मागे येऊन पुन्हा एक इंच. लांबून रेघ, जवळून सुरवंट. अशा मुलांना ‘सरळ काढ’ म्हणून काही होत नाही, ती आणखी घाबरून आणखी छोटे तुकडे करतात. तिला सांगितलं, दोन टिंबं दे. पेन्सिल न टेकवता हात तीन-चार वेळा या टिंबावरून त्या टिंबावर हवेतच फिरव. मनगट नाही, खांद्यापासून. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, जिथे पोचायचंय त्या टिंबावर. मग एकदाच ओढ. वाकडी आली तर येऊ दे, खोडायची नाही, वरून गिरवायची तर अजिबात नाही. दोन दिवसांनी मेसेज: ‘मॅडम एकच काढली पण टिंबाच्या पुढे गेली.’ मी लिहिलं, जाऊ दे. एका वेळी एकच चूक, हे मी माझ्यासाठी ठरवून घेतलंय. शाळेत असताना एका चित्रावर सात-सात शेरे मारायचे मी. पोरं एकही वाचायची नाहीत.

खोक्याची चूक मी आता सांगत नाही. लाल पेन्सिल घ्यायला लावते. उभ्या कडा सोडायच्या. डावीकडे मागे जाणाऱ्या चारही कडा लाल रेघेने पुढे वाढवत न्यायच्या, पान संपलं तर शेजारी दुसरं पान लावायचं. उजवीकडच्या चार तशाच. तीन रेघा एका बिंदूच्या आसपास येतात आणि चौथी भलतीकडे, बहुतेक वेळा पाठीमागची, जी प्रत्यक्षात दिसत नाही म्हणून अंदाजाने मारलेली असते. हे त्यांचं त्यांनाच दिसतं. मला फक्त विचारायचं असतं, ‘कुठली पळाली?’

काकांनी पुढे हॉलची शहाबादी फरशी काढली. रांगा मागे जाताना अंदाजाने लहान केलेल्या. नजरेला ठीक वाटत होतं. म्हटलं, पुढच्या फरशीचा कर्ण काढा आणि तोच तसाच मागे न्या. बरोबर असेल तर तो प्रत्येक रांगेतल्या एकेका फरशीच्या कोपऱ्यांतून जाईल. दुसऱ्या रांगेतच चुकला. ही युक्ती माझी नव्हे, फ्लॉरेन्सच्या अल्बर्ती नावाच्या वास्तुविशारदाने १४३५ साली लिहून ठेवलेली आहे. काका मात्र भलतेच खूश. ‘म्हणजे उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळवायची!’ आता ते दिसेल त्याचे कर्ण काढत सुटलेत.

कोणाच्याही चित्रावर मी स्वतः रेघ ओढत नाही. याला कारण एक तांब्या. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेच्या तयारीत आमच्या सरांनी माझा कागद ओढून घेतला आणि तांब्याचं तोंड दोन झटक्यांत काढून दिलं. सुंदर, चपटं लंबवर्तुळ. मी ते पाठ केलं. परीक्षेत तांब्या ठेवला होता बुटक्या स्टुलावर आणि माझी जागा अगदी पुढची. नजरेच्या इतक्या खाली असलेल्या तांब्याचं तोंड चांगलं गोल उघडं दिसत होतं. मी सरांचं चपटं तोंड काढून आले. सी ग्रेड. चूक कुठे झाली ते कळायला मला पुढे काही वर्षं लागली, कारण सरांनी हात दाखवला होता, कारण सांगितलं नव्हतं.

आज त्या मुलीने पेला पाठवलाय. रेघा बऱ्याच धीट झाल्यात. पण पेल्याचं तोंड करंजीसारखं, दोन्ही टोकांना टोकदार, आणि बूड चक्क सरळ रेघ. विचारलं तर म्हणे, ‘टेबलावर ठेवलाय ना मॅडम, सपाटच असणार.’ बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसतं, कारण ते नजरेपासून आणखी खाली असतं, हे मी लिहिलं आणि पुसलं. त्याऐवजी सांगितलं, काचेच्या पेल्यात अर्धं पाणी घे. पाण्याची कड एक रेघ दिसेल इतका डोळ्यांसमोर धर. मग हळूहळू खाली ने आणि पाणी उघडताना बघत राहा. टोक कुठे दिसतंय का ते सांग.

साडेदहाला उत्तर आलं. ‘मॅडम पाणी सांडलं, उद्या काढते.’ सोबत भिजलेल्या वहीचा फोटो. चारही कोपरे दिसत होते.