वर्षाला पेशंट किती?

कॉन्फरन्समध्ये माझ्या संशोधनाच्या पोस्टरपाशी एकजण आला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर्षाला पेशंट किती?" म्हटलं, अमेरिकेत रॅब्डोमायोसार्कोमाचे, म्हणजे मुलांना होणाऱ्या, स्नायूंसारख्या पेशींच्या कॅन्सरचे, सगळे मिळून ४०० ते ५००, त्यातली आमची, फ्युजनवाली (दोन जीन चुकून जोडले गेलेली), फार तर पाव. त्याने मान डोलावली. अगदी सभ्यपणे. मग शेजारच्या पोस्टरकडे गेला. तिथे स्तनाचा कॅन्सर होता.

एवढंच झालं. पण ती डोललेली मान डोक्यातून जात नाही. उद्धट बोलला असता तर निदान रागावता आलं असतं.

दुसरा आणि तेरावा क्रोमोसोम तुटून भलतेच जोडले जातात, आणि त्यातून पॅक्स३-फॉक्सओ१ हे प्रथिन तयार होतं, हे १९९३ साली कळलं. स्नायू व्हायला निघालेली पेशी त्यामुळे अर्ध्या वाटेत अडकते आणि नुसती वाढत सुटते. मूळ इतकी वर्षं माहीत आहे, पण त्या प्रथिनाला औषध चिकटेल अशी धड खाच नाही. म्हणून ते कुणाच्या जिवावर जगतं ते आम्ही शोधतो. क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, एकेक जीन बंद करायचा, कॅन्सरच्या पेशी मरतात का बघायचं. मग तोच जीन निरोगी स्नायूपेशींत बंद करायचा. बहुतेकदा त्याही मरतात. या वेळी एक जीन बंद करूनही त्या जगल्या. मी ते सांगत होते आणि तो डोकी मोजत होता. सभ्यपणे.

आईचा फोन घेतला नाही. काय सांगणार.

रात्री मात्र हसूच आलं. या मुलांना आजही देतात ते व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतलं. १९५०च्या दशकात लोक त्या झाडात मधुमेहाचं औषध शोधत होते. उंदरांची साखर हलली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या, आणि त्यातूनच कॅन्सरचं औषध निघालं. या मुलांसाठी म्हणून कोण निघालं होतं? थोरल्याचे कपडे धाकट्याला, तसंच चालत आलंय.

बंद केल्यावर कॅन्सरच्या पेशी मरतात अशा जीन्सच्या आमच्या यादीत पीएलके१ही आहे, पेशीचे दोन भाग व्हायला लागणारा जीन. त्यावरचं औषध मोठ्यांच्या ल्युकेमियासाठी आधीच माणसांत तपासलेलं. सर म्हणतात, ते नाव काढ, निरोगी पेशींनाही तो जीन लागतो, आणि त्यात नवं काय? मान्य. पण व्हिन्क्रिस्टीनला तरी कुठे आपलं-परकं कळतं? सोमवारी वाद होणार. होऊ दे. यादी मी ते नाव ठेवूनच पाठवणार आहे.