बारावा आठवडा: पनीरचं पाणी, व्हे आणि हुलगे

वजन ६८.२ वरून ६९.४ किलो. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) सलग पाच वेळा, ७० वरून ८२.५ किलो. वाढ बरी आहे, पण यावेळी मला पोटाविषयी लिहायचंय, कारण सगळं तिथंच अडलं होतं.

पहिले पाच आठवडे व्हे कॉन्सन्ट्रेट घेतलं, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची पावडर. प्यायल्यावर तासाभरात पोट फुगायचं. डबा बदलून पाहिला, पाणी वाढवलं, तरी तेच. शेवटी शहापूरच्या आमच्या तालमीत वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "तुला दूध सोसत नाही, मग दुधाची पावडर कशी सोसंल रे पोरा?"

नेमकं तेच होतं. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, थोडी उरतेच. आयसोलेट जास्त गाळलेलं, ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि लॅक्टोज नावापुरतं. सहाव्या आठवड्यात बदललं अन् चार दिवसांत पोट शांत झालं. महाग आहे, पण माझ्यासारख्याला पर्याय नाही. ज्यांना दूध पचतं त्यांनी कॉन्सन्ट्रेटच घ्यावं, स्नायूंना दोन्ही सारखंच.

पनीरच्या पाण्याचं मुद्दाम सांगतो, कारण तालमीतली बरीच पोरं ते व्हे समजून पितात. मीही प्यायचो. लिटरभर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं, त्यातली ८० टक्के केसीन (दूध फाटल्यावर ज्याचं पनीर होतं ते प्रथिन), म्हणजे व्हे सहा-साडेसहा ग्रॅम. दूध उकळलं की त्यातलंही बरंचसं केसीनला चिकटून पनीरमध्येच जातं. लॅक्टोज मात्र पाण्यात विरघळलेलं राहतं. म्हणजे मला हवं ते पनीरमध्ये जात होतं आणि सोसत नव्हतं तेच मी तांब्यानं पीत होतो! आता पनीर रात्री खातो. केसीन हळू पचतं, पोटालाही त्रास नाही. पाणी कणकेत.

माझं लक्ष्य रोज वजनाच्या किलोला १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं आणि रात्रीचं पनीर मिळून ४५. तीन अंडी १८. सोया चंक्स ४० ग्रॅम कोरडे, त्यांचे २०. उरलेले २६ आयसोलेटचा एक स्कूप. स्कूप वजनकाट्यावर मोजा, डोळ्यानं भरलेला माझा पाच ग्रॅम कमी निघाला.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात; त्यातलं लायसीन ज्वारीत कमी, मेथिओनीन हुलग्यात कमी. एकाचं उणं दुसरं भरून काढतं. आजीच्या ताटात ही जोडी कायम असायची, मीच मध्ये हुलगे सोडले होते.

पुढच्या आठवड्यापासून क्रिएटीन (ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पावडर), रोज ३ ग्रॅम. स्नायूंत पाणी धरलं जाऊन वजन थोडं चढेल, म्हणून कंबरेचं मापही लिहून ठेवणार आहे. आज ३१ इंच.